तिसरीचा वर्ग, शनिवारची रात्र

शनिवारी सहाला मतदान थांबलं,
उरलेलं रविवारी.
मधल्या रात्री मतांनी निजायचं कुठे?
तर माझ्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
जिथे फळ्यावर साथ आली त्या मार्चचा
सातचा पाढा आहे अजून, छप्पन्नापाशी तुटलेला.

दाराला सील, सीलवर सह्या.
बाहेर बंदूक घेऊन एक पोरगा,
उत्तरेच्या वाळवंटातला.
मावशी, म्हणतो, इथला पाऊस थांबतो कधी?
थांबला की सांगते, म्हटलं.

चिलोएच्या पुंजक्यात आमचं बेट सगळ्यांत धाकटं.
इथे घटना घडत नाहीत.
होडी उलटते, पण ती घटना नव्हे, मंगळवार.
आणि आता म्हणे देशाची घटनाच लिहायची,
नवी, पहिल्या ओळीपासून,
आणि लिहिणारी माणसं आम्ही निवडायची!

दुपारी ऑर्फेलिना कार्कामो आली, एक्क्याण्णव वर्षांची,
होडीतून खुर्चीसकट उचलून आणलेली.
आपापला निळा पेन आणायचा नियम होता,
तिचा रुमालात गुंडाळलेला, बाळासारखा.
पडद्यामागे इतका वेळ लागला
की केंद्रप्रमुख दोनदा खाकरला.
बाहेर येऊन म्हणाली,
"सगळी नावं वाचली.
एवढी नावं जन्मात फक्त दफनभूमीत वाचली होती."

एलिसेओ नायमानने त्याच्या लोकांची वेगळी पत्रिका मागितली.
घडी घालताना त्याचे हात कापले,
जाळं ओढताना कधी कापत नाहीत ते.

माझा मुलगा आला नाही.
सामनच्या पिंजऱ्यांवर दुहेरी पाळी, म्हणाला,
आणि लिहून लिहून लिहिणार काय?

माझा बाप ऐंशी साली मत देऊन आला होता.
तेव्हा मतदारयादी नव्हती. वादही नव्हता.
तो कुणाशी बोलला नाही,
मागच्या परसात अंधार पडेपर्यंत
सफरचंदाला कलम बांधत बसला.
आम्हाला वाटलं, बाबा आज शांत आहेत.

रात्री दोनला मला आठवलं:
तिसरीच्या वर्गाचं छप्पर गळतं.
खिडकीकडच्या कोपऱ्यात.
आणि पेट्या खिडकीकडेच ठेवल्या होत्या.
सील तोडता येत नाही, त्याला तुरुंग आहे.
पोरगा वरिष्ठांना फोन लावत राहिला,
आमच्या बेटावर फोन लागत असता
तर घटनेची एवढी गरजच पडली नसती.

मग आम्ही शिडी लावली.
बंदूक माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे,
आणि आम्ही दोघं पत्र्यावर,
नोल्बेर्तोच्या होडीचं जुनं शीड पसरून
चारी टोकांवर आळीपाळीने बसलेलो.
खाली ऑर्फेलिनाची सगळी नावं.
पोराचे दात वाजत होते.
त्याला एक सफरचंद दिलं, बापाच्याच झाडाचं.
म्हणाला, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?
पाणी, मी म्हटलं. एकच कलम.
तो त्या धो धो अंधाराकडे बघून हसला.
त्याला काय ठाऊक, जानेवारीत आम्हाला
पाणी टँकरने येतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.
तीनशे अठ्ठ्याऐंशी कलमं झाली.
आणि दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात, याच शाळेत,
आमच्याच निळ्या पेनांनी नको म्हणून टाकली.
तेव्हा मुलगा आला, सक्ती होती.
ऑर्फेलिना तोवर गेली होती.
मी कुठे रेघ मारली ते विचारू नका,
मत गुप्त असतं.

त्या रविवारी पेट्या कोरड्या निघाल्या, एवढं सांगते.
सह्या तपासल्या, कुणी वर पाहिलं नाही.
पोरगा जाताना फळ्यापाशी थांबला,
सात नवे त्रेसष्ट लिहिलं, आणि बस, निघाला.

सफरचंदाच्या बिया त्याने पन्हाळीत थुंकल्या होत्या.
उगवलं असेल काही, असं मनात आणू नका.
पन्हाळ मी दर एप्रिलला साफ करते.